देवापुढची पत्रिका

अत्तारसर, तुमचा पास आला. निळ्या फितीचा, गळ्यात घालायचा. त्यावर तुमचा तो जुना फोटो आहे, ज्यात तुम्ही फोटोग्राफरवर रागावल्यासारखे दिसता. त्या दिवशी तुमची जियारत होती, म्हणजे तुम्हाला पौडच्या कब्रस्तानात ठेवून आल्याला तिसरा दिवस. तुमच्या घरून मी तशीच विद्यापीठात आले, तर टेबलावर लिफाफा पडलेला. तुमच्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘व्यासपीठ : प्रवेश मंजूर’. आधी मला हसूच आलं. मग दार लावून घेतलं.

उद्या पदवीदान आहे. दिल्लीचे मोठे साहेब येणार आहेत आणि तुम्ही नसणार आहात. तुमच्यावर लिहून द्या, असं विद्यापीठाच्या अंकवाल्यांनी सांगितलंय. जन्म, शिक्षण, रसायनशास्त्रातली सेवा, पोरकी झालेली समारंभ समिती वगैरे. ते दुसरं कुणीतरी लिहील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि ते उद्याच्या आत. उद्यानंतर उपकुलसचिवाच्या या खुर्चीवर मी असेन की नाही, कोण जाणे.

सगळं सुरू झालं ते तुमच्या त्या पत्रिकेपासून. लग्नघरात पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. तुमच्या पौडात एक देवळात आणि एक दर्ग्यात ठेवतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. उरवड्याच्या वरच्या अंगाला डोंगर पोखरून उभं राहिलेलं आपलं विद्यापीठ. मुलं कारखान्यांतल्या कामगारांची, भातखाचरं विकून बसलेल्यांची, हिंजवडीत सिक्युरिटीवर असणाऱ्यांची. पण दरवर्षी पदवीदानाआधी देशातल्या कुठल्यातरी थोर माणसाला तुम्ही रीतसर आमंत्रण पाठवायला लावायचात. पहिल्या वर्षी मी कुरकुरले, की येणार नाहीत हे माहीत असताना कशाला कागद घालवायचा? तुम्ही म्हणालात, “लातूरकर, ही आपली देवापुढची पत्रिका हाय. देव काय पंगतीला येत न्हाई. पण ठेवायची. पोरास्नी वाटाया नको, आपलं कार्य बारकं हाय म्हनून.”

मी लातूरची, म्हणून लातूरकर. माझं खरं आडनाव तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलं नाही, आणि सगळ्यांची नावं बिनचूक घेणारा माणूस म्हणून जगभर मिरवलात.

दरवर्षी नकार यायचा, किंवा तोही यायचा नाही. मग आपण आपल्यातला पाहुणा आणायचो. कधी निवृत्त मुख्याध्यापिका, कधी धरणावर आयुष्य काढलेले इंजिनिअर. एका वर्षी तुम्ही पैलवान आणलात. त्याने फेटा सावरत “शिका, पण खात बी जावा” एवढंच भाषण केलं आणि बसला. मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुलगुरू घामाघूम झाले होते, आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून हसत होतात.

यंदा फोन आला तेव्हा तुम्ही माझ्याच केबिनमध्ये बशीतून चहा पीत होतात. कुलगुरू धापा टाकत आले, म्हणाले, “स्वीकारलं. येतायत.” तुम्ही विचारलंत, “कोन?” त्यांनी सांगितलं. तुम्ही बशी खाली ठेवलीत. कुलगुरू गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणालात, “लातूरकर, देव जेवाया निघाला.” आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, “आता पंगत आपली ऱ्हात न्हाई.” एवढं मोकळं आपण त्यानंतर कधी हसलो नाही.

तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं का, हे मला विचारायचं राहून गेलं.

आपल्या पदवीदानाची रीत बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. रसायनशास्त्राचा प्राध्यापक गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचं निवेदन करतो, यावरच लोक अडकतात. तुम्ही ते कॉलेजात असल्यापासून करत होतात. ‘पैलवान अमुक, वस्ताद अमुक यांचा पठ्ठा, गाव नेरे.’ माईक नसला तरी हलगीवरून तुमचा आवाज जायचा. तोच पुकारा तुम्ही पदवीदानात आणलात. समारंभाआधी महिनाभर तुम्ही वही घेऊन एकेका घरी फोन लावत बसायचात. मुलीचं नाव घरात कसं घेता, आईचं नाव काय, वडिलांचं काय, मूळ गाव कुठलं. आणि त्या दिवशी मुलगा व्यासपीठावर चढला, की तुम्ही पुकारायचात. आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग गाव. ज्यांचं नाव घेतलं त्यांनी मंडपात असतील तिथे उभं राहायचं. बास, एवढीच रीत. बाकी विद्यापीठांत समारंभ दोन तासांत उरकतो. आपल्याकडे जेवणं थंड व्हायची.

माझी आई त्यात उभी राहिलेली आहे, हे तुम्हाला आठवत असेल. नोकरी करत मी आपल्याच विद्यापीठातून एमबीए केलं, आणि त्या वर्षी आई लातूरहून रात्रभराच्या एसटीने आली. तुम्ही पुकारलंत, “शोभा, गयाबाई आणि विठ्ठल यांची मुलगी, गाव औसा, जिल्हा लातूर.” आई आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने उभी राहिली. पदर सारखा करत राहिली, बसायचं तिला सुचेचना. शेजारच्या बाईने हात धरून बसवली. परत महाळुंग्याच्या फ्लॅटवर येताना रिक्षात ती म्हणाली, “माझं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतलंच नव्हतं गं. शाळेत गेले असते तर हजेरीला तरी घेतलं असतं.” हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी वाकडं बोलून विषय बदलला असतात, म्हणून नाही सांगितलं. आता सांगते. त्या एका दिवसाचे उपकार मी विसरलेले नाही, सर.

फोन आल्यानंतर पहिल्यांदा कुत्री गेली. तुमच्याकडून बिस्किटं खाणारा तो लंगडा काळ्याही गेला. जाळीची गाडी आली आणि घेऊन गेली. कुठे नेताय विचारलं, तर उत्तर नाही. मग मुलींच्या वसतिगृहाच्या मैदानाकडच्या खिडक्यांना पत्रे ठोकले. मग वरच्या पठारावरचं करवंदीचं रान सपाट झालं, हेलिपॅडसाठी. तुम्ही त्या लाल मातीकडे बघत म्हणालात, “येवढी जागा तर चार कुस्त्यांला पुरंल.” साध्या कपड्यांतली माणसं कँटीनमध्ये बसायला लागली. चहा घेत नव्हती, नुसती बसायची. ती आली की मुलं आवाज बारीक करायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच. आपणही केबिनचं दार लावून बोलायला लागलो, आणि दार का लावतोय हे एकमेकांना विचारलं नाही.

मग कार्यक्रमाचा तक्ता आला. साहेबांचा वेळ मोजका, म्हणून पदकवाले तेवढे व्यासपीठावर. बाकीच्यांना जागेवर उभं करून सगळ्यांना एकदम पदवी. नावं नाहीत. पुकारा नाही. काळे कपडे, काळी छत्री, काळी पिशवी, काहीही काळं आणायचं नाही. पालकांनी तीन तास आधी येऊन बसायचं. गेट बंद झालं की साहेब परत जाईपर्यंत कुणालाही बाहेर पडता येणार नाही.

आणि मजा बघा, नावं मात्र सगळी मागवली. विद्यार्थ्याचं, आईचं, वडिलांचं, गावाचं, आधार कार्डासकट. तुम्ही फोन करून जे विचारायचात तेच सगळं, त्याच क्रमाने, पोलीस ठाण्यातून विचारायला लागले. गावांत पोलीस घरोघरी जाऊन आले. तुम्ही म्हणालात, “लातूरकर, नावं समदी घेतली त्यांनी. निस्ती मोठ्यानं घ्यायची न्हाईत.” तुमच्या तोंडून मी इतकं कडू काही ऐकलं नव्हतं.

उरवड्याच्या सुनंदाबाई आल्या तो दिवस मी विसरणार नाही. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत, कोमल त्यांची थोरली. कंपनीचा निळा कोट अंगात, शिफ्ट संपवून थेट आल्या होत्या. तुम्हाला बघून दारातच थांबल्या.

“सायेब, आमच्या घरी पोलीस आलंवतं. कोमलनं काय केलंय का?”

“काय न्हाई केलं. ती पास झाली.”

“मग माजं नाव कशाला लिवून नेलं?”

“समद्यांचंच नेलंय, ताई. मोठा पाव्हना येतोय म्हनून.”

मग म्हणाल्या, “पन तुमी फोनवर इचारलं तवा म्या सांगितलंवतं. तुमी पुकारनार हायसा म्हनून सांगितलं. कोमलचा बाप आता न्हाई, पन त्याचं बी नाव घेनार म्हनालावता तुमी. कंपनीत बायास्नी सांगून बसलीया मी.”

तुम्ही म्हणालात, “घेनार.”

मी तुमच्याकडे पाहिलं. तक्ता तुमच्या समोरच होता. त्या गेल्यावर मी भांडले, की कशाच्या जोरावर शब्द दिलात? तुम्ही तक्त्यावर बोट ठेवलंत, तीन तासांच्या रकान्यावर. “गेट बंद करून बसवनारच हायेत न्हवं? मग मानसं तीन तास काय करनार? तेवढ्यात मी नावं घेतो. पाव्हन्याचा एक मिनिट जात न्हाई. माईक बी नको मला.” आपण तसं रीतसर विचारलंही. उत्तर आलं, पाहुण्यांच्या आगमनाआधी सुरक्षेच्या सूचनांशिवाय दुसरी कुठलीही घोषणा होणार नाही. तुम्ही म्हणालात, “घोषना कुटं? हाका मारनार मी.” आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखर पुन्हा फोन लावायला बसलात.

त्याच आठवड्यात पास आले. कुलगुरूंचा आला, माझा आला, कुंड्या मांडणाऱ्यांचा, मांडववाल्याचा, पाणी देणाऱ्या मुलींचा आला. तुमचा आला नाही. चौकशी केली तर ‘पडताळणी सुरू आहे’. पुन्हा चौकशी केली तर तेच. दोन माणसं पौडच्या बाजारात तुमच्या भावाच्या दुकानात येऊन बसली. कुंकू, बुक्का, काळी पोत विकणारं ते दुकान. माणसं बराच वेळ बसली आणि विचारत राहिली, घरात कोण कोण, बाहेरगावी कोण, पाहुणे कुठून येतात. भावाने घाबरून दुपारीच शटर ओढलं. हे तुम्ही मला असं सांगितलंत, जणू दुसऱ्या कुणाच्या दुकानाची गोष्ट आहे.

आपलं शेवटचं भांडण यावरच झालं, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हटलं, कुलगुरूंच्या टेबलावर हात आपटा. मी म्हटलं, नाहीतर सरळ रजा टाका, होऊ दे त्यांचा समारंभ तुमच्याशिवाय. तुम्ही खिशात हात घालून उभे.

“फडावर निवेदकानं रुसायचं नसतं, लातूरकर. कुस्ती पैलवानाची असती.”

“हे रुसणं नाही सर. अपमान आहे हा, आणि तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवताय.”

“खिसा मोठा हाय माजा.”

“कुणी शिवला तो एवढा मोठा?”

प्रश्न लागला, हे मला दिसलं, आणि तरी मी तो मागे घेतला नाही. आजही घेणार नाही. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, “उद्या बोलू.” मग जिन्यावरून उतरताना तुमचा आवाज आला, फोनवर कुणाला तरी विचारत होतात, “ऋतुजा म्हनता का घरात, का दुसरं काय म्हनता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात खाटेवर बसलात. भाभींनी चहा आणून ठेवला, तो तुम्ही उचललाच नाहीत. पासामुळे तुम्ही गेलात असं मी म्हणणार नाही. साखर होती, छातीत अधूनमधून दुखायचं, ते तुम्ही सगळ्यांपासून लपवायचात. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी मान्य केलंय. पण रस्त्याने जाता-येता मनातल्या मनात मी ते रोज अमान्य करते.

कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आम्ही बायका उभ्या होतो. आत तुमचे पैलवान होते, कान चुरगळलेले, डोक्याला रुमाल बांधलेले, माती द्यायला रांगेत. तेवढ्यात मुळशीकडून हेलिकॉप्टर आलं, चाचणीचं. खूप खाली आलं. पौडावर एक घिरटी घातली, परत वळलं, दुसरी घातली. आतली दुआ ऐकू येईना. माणसांनी वर पाहिलं नाही, मान खाली घालून ते थांबून राहिले. धूळ बसेपर्यंत सगळे तसेच थांबले होते. मला वाटलं, हे आता रोज येणार, समारंभ संपल्यावरसुद्धा येत राहणार. हे वाटणं अजून गेलेलं नाही.

जियारतीच्या आदल्या दिवशी मला बोलावून सांगितलं, की पदकवाल्यांची नावं मी वाचायची. छापील कागद दिला. नुसतं नाव आणि विषय. साध्या कपड्यांतला एक गृहस्थ शेजारी बसला होता, तो अगदी सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, कागदावर आहे तेवढंच. तुम्ही समजूतदार आहात, असं कळलंय.” कुणाकडून कळलं, ते मी विचारलं नाही. माझ्या आईचं नाव, औश्याचं घर, महाळुंग्याचा फ्लॅट नंबर, सगळं त्याच्याकडे आहे. तो नुसता हसला, सर, आणि मला आईला फोन करावासा वाटला.

म्हणून जियारतीला तुमच्या घरी मी नुसती भेटायला आले नव्हते. भाभींच्या शेजारी बसले. आधी त्यांनीच विचारलं, “आता पोरांची नावं कोन घेनार, बाई?” मी म्हटलं, बघू. मग मी तुमच्यासारखंच विचारलं, की सरांच्या आईचं नाव काय होतं? घरात त्यांना हाक कशी मारायची? भाभींना आधी कळेना मी कशाला विचारतेय. मग त्या कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात तशा हसल्या. “सासूबाईंचं नाव जैतून. सासऱ्यांचं बाबालाल. आन् त्यांना सासूबाई इकू म्हनायच्या. चाळिशी उलटली तरी गल्लीभर इकू, इकू. त्यांना लई राग यायचा.”

बघा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

नावांच्या वह्या मला लागत नाहीत. महिनाभर माझ्या केबिनच्या भिंतीपलीकडून तुमचे फोन ऐकलेत मी, निम्मीअधिक नावं मला तोंडपाठ आहेत, आणि उरलेली माणसं स्वतःच सांगतील. गेट बंद होईल तेव्हा मी मंडपात पुढे उभी असेन. माईक नसेल. माझा आवाज बारीक आहे, तुम्ही त्याची टवाळी करायचात, ‘भांड्यावर चमचा वाजल्यागत’ म्हणायचात. संध्याकाळी पठारावर, त्या लाल मातीशी जाऊन मी थोडं ओरडून पाहिलं. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवून हाकललं. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला, एवढं मात्र कळलं.

किती नावं घेऊ देतील, माहीत नाही. कदाचित पाच, कदाचित एकही नाही. कोमलचं पहिल्यातच घेणार आहे, सुनंदाबाईंना नेमकी कुठली खुर्ची मिळाली आहे हे आजच बघून ठेवलं. त्यांचा माणूस येईल आणि सौम्यपणे माझा दंड धरेल. गेट बंद असेल, त्यामुळे मला बाहेर काढायचं तर कुठे काढायचं, हा त्यांचा प्रश्न. मला भीती वाटते, सर. उद्या बोलू म्हणाला होतात, ते बोलणं असं एकटीने करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुमचा पास मी माझ्या पासाखाली त्याच फितीत अडकवला आहे. प्रवेश मंजूर आहे, तेव्हा चला.

कोमलच्याही आधी एक नाव घेणार आहे. इक्बाल, जैतून आणि बाबालाल यांचा मुलगा, गाव पौड. रीत अशी आहे की ज्यांचं नाव घेतलं त्यांनी उभं राहायचं. तुम्हा तिघांतलं आता कुणीच नाही. मी मंडपाकडे बघत थांबणार आहे, तुमच्यासाठी कोण उभं राहतं ते बघायला.